एका दमात बारामती-इंदापूर

नसा आणि स्नायूंच्या आजारांचे जे मोजके तज्ज्ञ आपल्याकडे आहेत, त्यांतल्या निदान सात जणांना कऱ्हाटीच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरने घडवलं आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या प्रमाणपत्रांवर सही दुसऱ्यांची आहे, शिक्का पुण्याच्या इस्पितळाचा आहे, आणि भिंतीवर लावायला तेच बरं दिसतं. पण हातोडी कशी धरायची, पायात बळ नसलेल्या माणसाला तपासणीच्या टेबलावर कसं चढवायचं, आणि 'हात गळाला' व 'हात वाळला' यांत नेमका काय फरक आहे, हे आम्हाला ज्यांनी शिकवलं ते दहावी पास होते आणि आयुष्यभर त्यांनी तिकिटं फाडली होती. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मीही तात्याच म्हणते.

आधी हे सांगायला हवं की फेलोशिप म्हणजे काय ते माझ्या आईला अजून नीट पटलेलं नाही. एमबीबीएस झालं, मग एमडी झालं, मग मेंदू आणि नसांचं तीन वर्षांचं शिक्षण झालं, आणि त्यानंतरही ही मुलगी आणखी एक वर्ष फक्त नसा आणि स्नायू शिकायचं म्हणते, म्हणजे हिला आधीचं काही आलंच नाही की काय, अशी तिला शंका होती. ती शंका फिटेल असं उत्तर मला कधी देता आलं नाही. तात्यांनी ते पहिल्याच भेटीत दिलं. "हाफ तिकिटाचं फुल व्हायला येक वरीस लागतंय," ते म्हणाले. "त्येच्या आदी कितीबी उंच झाला तरी हाफच."

आमचे सर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुण्याहून बारामतीला यायचे, सकाळी तिथे आणि दुपारनंतर इंदापूरला पेशंट बघायचे, आणि त्या वर्षीच्या फेलोने त्यांच्याबरोबर असणं सक्तीचं होतं. तात्या बारामतीच्या ओपीडीचे पेशंट. निदान कागदोपत्री तरी. त्यांच्या खांद्यांचे आणि कंबरेचे स्नायू गेली पंधरा-वीस वर्षं हळूहळू झिजत होते. रक्त तपासून झालं होतं, मांडीचा तुकडा काढून तपासून झाला होता, जनुकंही तपासून झाली होती, आणि एवढं करूनही त्या आजाराला नाव सापडलं नव्हतं. दर वर्षी नवा फेलो यायचा, तात्यांना नखशिखांत तपासायचा आणि आत्मविश्वासाने एक नाव सांगायचा. माझ्या आधीच्या सहा जणांनी पाच नावं ठेवली होती. तात्यांचं म्हणणं एवढंच होतं की आत्या बदलत्यात पर बारसं काय व्हत न्हाय.

नाव नसल्यामुळेच ते परीक्षेला उत्तम होते. वर्षाच्या शेवटी बाहेरगावचा परीक्षक येई, फेलोला एक पेशंट तपासायला देई, आणि तो पेशंट सहाही वर्षं तात्याच होते. त्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुण्याला यायचे. घरी विचारलं तर "परीक्षा हाय" म्हणून सांगायचे, आणि कुणाची ते सांगायचे नाहीत.

पण त्यांची खरी हुकमत बारामतीच्या पॅसेजमध्ये. तिथे चाळीसेक माणसं, दोन बाकं आणि एक पंखा. तात्या सकाळी साडेआठलाच पोचून दाराशी स्टुलावर बसायचे आणि तिथून सगळी गाडी चालवायचे. "पुढं सरका, पुढं सरका, मधी लय जागा हाय." तान्हं मूल असलेल्या बाईला दाराजवळची जागा, काठीवाल्याला भिंतीकडची, नुसता रिपोर्ट दाखवायला आलेल्याने उभं राहायचं. आतला पेशंट बाहेर यायला लागला की आडवा हात करून, "आदी उतरू द्या, मग चढा." एकदा कुणीतरी बडे साहेब ओळखीवर मध्येच घुसायला लागले. तात्यांनी त्यांना शांतपणे विचारलं, "सायेब, रिझर्वेशन हाय का?" साहेब म्हणाले, "मी डॉक्टरांना फोन केला होता." तात्या म्हणाले, "मग फोनला तपासतील आत. तुमी हितं बसा." साहेब बसले. जाताना मात्र ते तात्यांना विचारून गेले, की पुढच्या महिन्यात किती वाजता आलं म्हणजे खिडकी मिळेल.

स्नायूची ताकद आम्ही शून्य ते पाच अशी मोजतो. पाच म्हणजे पुरती, शून्य म्हणजे काहीच नाही, आणि चारच्या आसपास फार गर्दी असल्यामुळे तिथे अधिक-वजा करावं लागतं. तात्यांना पाच, चार, तीन सगळं मान्य होतं, 'वजा' मान्य नव्हतं. "चार द्या न्हायतर तीन द्या. वजा म्हंजी काय? मी काय कुणाचं घिऊन पळालोय?" पण याच तात्यांनी दिल्लीहून आलेल्या एका फेलोला, त्याने खुशीने चार दिले असताना, थांबवलं होतं. "आदी माझा खांदा धरा. खांदा मोकळा सोडलाय म्हून मी समद्या अंगानं ढकलतोय, आन् तुमी मला चार देताय. खरं तीनच हाय." दिल्लीच्या मुलाला मराठी कळत नव्हतं, पण त्याचा हात धरून खांद्यावर ठेवल्यावर सगळं कळलं. हातोडीचंही तसंच. गुडघ्याखाली हातोडी मारताना आम्ही सगळेच सुरुवातीला खिळा ठोकल्यासारखी मारतो. तात्या डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "मारायची न्हाय. पडू द्यायची. तिकिटाला पंच मारतो तसं, मनगटातनं." केरळची एक डॉक्टर त्यांच्याकडून मराठी शिकून गेली. आता ती तिकडे मोठी डॉक्टर आहे आणि सणासुदीला फोन करते. तिला मराठी एवढंच येतं, की पुढं सरका, आधी उतरू द्या, आणि खांदा धरा. तात्यांच्या मते पोट भरायला एवढं पुष्कळ आहे.

माझ्याबद्दल त्यांचं पहिलं मत चांगलं नव्हतं. मी मुळात कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे मराठीत बोलताना प्रत्येक शब्द आधी मनात तपासून घ्यायची मला सवय आहे, आणि तपासून होईपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असतं. माझ्या पहिल्याच शनिवारी मी तात्यांना वीस मिनिटं तपासलं आणि त्यात बहुधा अकरा शब्द बोलले. ते उठून थेट सरांकडे गेले. "सायेब, ह्या टायमाला मुकी पाठवलीय व्हय?"

मग परत येऊन त्यांनी मला गाव विचारलं. इंदापूर म्हटल्यावर ते सावरून बसले आणि आडनाव विचारलं. माझं आडनाव ऐकून माणसं अर्धा क्षण थांबतात. ते थांबणं मी लहानपणापासून ओळखते आणि त्यासाठी चेहरा तयार ठेवते. तात्या थांबले नाहीत. "म्हंजी आपलीच की," म्हणाले आणि पिशवीतून एक पेरू काढून माझ्या हातात ठेवला. कुणी 'आपली' म्हटलेलं मला सहसा आवडत नाही. त्यात पुढे काहीतरी मागणं असतं. पेरू मात्र मी खाल्ला.

मी बारामतीला मावशीकडे राहून शिकले आणि दर शनिवारी एसटीने इंदापूरला घरी जायचे, हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "खिडकीत बसणारी, तोंड न उघडणारी. असली पोरं मी लय बघितली. फाटा येतो, फाटा जातो, पर थांबवा म्हणायचं न्हाय. मग पुढच्या ठेसनाला रडत बसायचं." मी एकदा गोतोंडीला आत्याकडे उतरायचं असताना, कंडक्टरला हाक मारायचं धाडस न झाल्यामुळे निमगाव केतकीपर्यंत गेले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असावं असं मात्र वाटलं.

मराठी बोलता येणं आणि पेशंटचं मराठी कळणं या दोन गोष्टी आहेत, हेही त्यांनीच दाखवलं. मोरगावकडची एक शेळ्या राखणारी बाई आली होती. काय होतंय विचारलं तर म्हणाली, "मान धरत न्हाय." मी कागदावर मान आखडल्याचं लिहिलं आणि शेक घ्यायला सांगितलं. तात्या दाराशी स्टुलावर होते. कुणाचं काय दुखतंय ते ऐकू नये, अशी त्यांची कल्पना नव्हती. "ओ बाई, थांबा," ते म्हणाले. "मान धरली म्हंजी आखडली. मान धरत न्हाय म्हंजी पडती. तान्ह्या पोराची पडती तशी." मी वर पाहिलं. बाईने पदराआडून हाताने स्वतःची हनुवटी उचलून धरली होती आणि इतका वेळ ते मला दिसलं नव्हतं. तिच्या पापण्याही दुपारनंतर मिटायच्या, पाणी पिताना नाकात जायचं, आणि हे सगळं तिने मला आधीच सांगितलं असतं, मी शेक सांगून कागद पुढे ढकलला नसता तर. सरांनी तिला तपासलं आणि त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. ती बरी झाली. त्या आजारावर औषध आहे, पण ते वेळेत मिळावं लागतं. पुढच्या वेळी ती मान ताठ ठेवून आली आणि तात्यांनी तिला खिडकीजवळ बसवलं.

त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या पानावर तात्यांचे शब्द लिहू लागले. मुंग्या येणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं. पाय 'जड' म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा आणि पाय 'माझा न्हाईच' म्हणणाऱ्याला दुसरा. बाई 'चप्पल कळत न्हाय' म्हणाली की चपलेबद्दल विचारायचं नाही, तळव्याला टाचणी लावून पाहायची. परदेशातून मागवलेलं जाड पुस्तक माझ्या टेबलावर होतं. ती मागची पाच पानं त्यात कुठे नव्हती.

आता त्यांच्या श्वासाबद्दल. अशा आजारांत हातापायांपेक्षा आम्हाला भीती असते ती छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या मोठ्या स्नायूची. तो थकला की माणूस आडवा झोपू शकत नाही. तो किती टिकला आहे हे बघायची एक साधी रीत आहे. मोठा श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोठ्याने म्हणत जायचे. कुठे दम संपतो ते लिहून ठेवायचं. सात वर्षांपूर्वीच्या पहिल्या फेलोने तात्यांना आकडे म्हणायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले की आकडे पहिलीतली पोरं म्हणत्यात, मी थांबे म्हणतो. आणि त्यांनी एका दमात बारामतीहून गाडी सोडली. पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, शेळगाव फाटा, गोतोंडी, निमगाव केतकी, इंदापूर, आणि तिथे न थांबता तेच उलटे म्हणत परत बारामती. म्हणून त्यांच्या जाड फायलीत, जिथे इतर पेशंटांचे आकडे असतात, तिथे सात वेगवेगळ्या अक्षरांत इंग्रजीतून अशा नोंदी आहेत: 'परत, बारामती.' 'परत, काटेवाडी.' 'परत, सणसर.' बाहेरचा परीक्षक दर वर्षी या नोंदींवर थबकायचा आणि सर त्याला रस्ता समजावून सांगायचे. गंमत म्हणजे सरांनाही तो रस्ता ऐकूनच पाठ होता, आणि तोही अर्धाच. सकाळच्या ओपीडीनंतर इंदापूरला जाताना ते गाडीत बसल्या बसल्या झोपायचे.

मी आले तेव्हा तात्या परतीच्या लासुर्ण्यापर्यंत पोचत होते. सहा-सात महिने लासुर्णेच राहिलं. सर खूश होते, आजार थांबलाय म्हणाले. पुण्याला येऊन यंत्रात फुंकून दाखवा, असं ते दर वेळी सांगायचे आणि दर वेळी तात्यांच्या भावकीत नेमकं त्याच दिवशी लग्न निघायचं.

आठव्या महिन्यात मला वाटलं की जंक्शन ऐकू आलं नाही. पंख्याचा आवाज असेल म्हणून मी सोडून दिलं. नवव्या महिन्यात मी खाली मान घालून, ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर निघाले. लासुर्ण्यानंतर ते थेट अंथुर्ण्याला गेले, तिथून शेळगाव फाटा आणि गोतोंडी सोडून निमगावला. येतानाही तेच तीन थांबे गाळले आणि लासुर्ण्याला येऊन थांबले. गाडी ठरल्या जागी पोचली होती, पण सहा थांबे न घेता. माझ्या आधीचे सहा जण केरळ, दिल्ली, नागपूर असे कुठकुठले. त्यांना हे कधी कळलं नसतं. मला कळलं, कारण लहानपणी त्या रस्त्यावर बोलण्याऐवजी मी थांबेच मोजत होते.

मान वर केली तर तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. सर म्हणाले, "लासुर्णे. लिही." मी लिहिलं. इतकी वर्षं गप्प राहून मी काय काय टाळलं असेल ते असो, पण त्या दिवशी गप्प राहून मी एक खोटी नोंद केली आणि तिच्याखाली माझी सही आहे. बाहेर स्टुलावर बसून तात्या मला म्हणाले, "काय बाई, गाडी येळंवर पोचली न्हवं?" मी म्हणाले, "हो." त्यांनी पिशवीतून पेरू काढला. तो मी घेतला, पण माझ्याने खाववला नाही.

तो महिना मला फार लांब गेला. आठवायला लागल्यावर सगळंच आठवलं. तात्या हल्ली स्टुलावर बसल्या बसल्या पेंगतात. सकाळी डोकं भरून येतं म्हणतात. 'पुढं सरका' दोनदा म्हणायचे ते आता एकदाच म्हणतात. पुस्तकात ही सगळी लक्षणं एकाखाली एक दिली होती आणि मी ती परीक्षेसाठी पाठही केली होती. असा माणूस एखाद्या पहाटे झोपेतच जाऊ शकतो, हे त्याच पानावर खाली लिहिलं होतं.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्या नेहमी पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसतात. तात्यांनी श्वास भरला आणि निघाले. "बारामती, पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव..."

"तात्या," मी म्हणाले, "गोतोंडी राहिलं."

ते थांबले. सरांनी फायलीतून डोकं वर काढलं. तात्यांनी उरलेला श्वास सोडून दिला आणि हसून म्हणाले, "आज गोतोंडीला कुणी उतरणारं न्हवतं."

सिस्टर हसल्या. सरही हसले.

"मला उतरायचं होतं," मी म्हणाले.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला असावा, कारण बाहेरचा पॅसेजही शांत झाला. आता थांबले तर परत सुरू करता येणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. जंक्शनही राहिलं, शेळगाव फाटाही राहिला, मागच्या महिन्यातही राहिले होते, आणि तेव्हा मला कळलं होतं तरी मी बोलले नाही. सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तात्यांना टेबलावर पूर्ण आडवं व्हायला सांगितलं, उशी न घेता, आणि पुन्हा म्हणायला लावलं. बारामती, पिंपळी, काटेवाडी, भवानी... नगर आलं नाही. त्यांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या आणि श्वास घेताना पोट वर येण्याऐवजी आत जात होतं. मी आणि सरांनी त्यांना धरून बसवलं.

मग कोपऱ्यातून मावशी बोलल्या. "आडवं पडून झोपल्यालं म्या दिवाळीपास्नं बघितलं न्हाय ह्यास्नी. भितीला टेकून बसत्यात. डोळा लागला की दचकून उठत्यात. मग म्या बी बसतीया. मला म्हणले, तितं तोंड उघडलंस तर लेकीकडं निघून जाईन."

"जाणारच व्हतो," तात्या म्हणाले.

सरांनी त्यांना झोपताना नाकातोंडावर मास्क लावून श्वासाला जोर देणाऱ्या यंत्राबद्दल सांगितलं. तात्यांना ते आधीच ठाऊक होतं. पॅसेजमध्ये बसून त्यांना आमच्याइतकंच सगळं ठाऊक झालं होतं. "त्ये मुसकं मी लावनार न्हाय," ते म्हणाले. "बैलाला लावत्यात मुसकं, पिकात तोंड घालू नये म्हून. आन् सायेब, मुसकं लावल्याला पेशंट परीक्षेला चालंल का? बाहेरचा परीक्षक म्हनंल, ह्येचं उत्तर तर ह्येच्या तोंडावरच बांधलंय."

"तात्या, परीक्षा डॉक्टरांची असते," सर म्हणाले. "तुमची नसते."

"येवढी वर्सं मला तसं कवा वाटू दिलं न्हाय तुमी," तात्या म्हणाले.

सरांनी यंत्राची चिठ्ठी लिहायला घेतली. निघताना तात्या दारात माझ्यापाशी थांबले. त्यांना चिठ्ठ्या, सही, तारीख सगळं देऊन झालं होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपलीच निघाली तिकीट तपासनीस." कंडक्टरच्या तोंडात तपासनीस ही शिवी आहे, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढचे दोन महिने ते आले नाहीत. यंत्र त्यांच्या घरी पोचलं होतं, ते कसं लावायचं हे दाखवणारा माणूसही जाऊन आला होता, आणि पहिला आठवडा ते कपाटावर ठेवून दिलं होतं एवढंच सरांना कळलं होतं. बारामतीच्या पॅसेजमध्ये स्टूल तसंच होतं. रांग मात्र कुणालाच लावता येईना. एकाच वेळी चौघे आत घुसत, तान्ही मुलं पंख्यापासून लांब रडत राहत. एकदा मी दारात उभी राहून "पुढं सरका" म्हणून पाहिलं. कुणी सरकलं नाही. एका आजोबांनी फक्त वळून, मला काही हवंय का, असं विचारलं. वर्षाअखेर माझी परीक्षा झाली. पेशंट दुसरे होते, बँकेतून निवृत्त झालेले एक सज्जन गृहस्थ, जे विचारल्याशिवाय एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हाताची ताकद बघताना आधी खांदा धरा असं मला कुणी म्हणालं नाही. मी आपणहून धरला. परीक्षक म्हणाले, छान शिकवलंय तुम्हाला. सर म्हणाले, हो.

माझ्या वर्षातल्या शेवटच्या शनिवारी, दुपारी इंदापूरला न जाता मी सरांकडे सुट्टी मागितली आणि कऱ्हाटीच्या गाडीत बसले. जाऊन काय बोलायचं याची वाक्यं मी मनात तयार केली होती, चारही वाक्यं मराठीत. घर सापडायला वेळ लागला नाही. स्टँडवर नुसतं "कंडक्टर" म्हटलं तरी पुरलं. मावशींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

पुढच्याच खोलीत कॉट होती. भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, आमच्या इंदापूरच्या घरात आहे तशीच, आणि तिच्याखाली स्टुलावर ते यंत्र. तात्या झोपले होते. पाठीवर, सपाट, एका पातळ उशीवर. चेहऱ्यावर मास्क होता आणि त्यांची छाती सावकाश वर येत होती, खाली जात होती. मी त्यांना इतक्या वेळा तपासलं होतं, पण ते मला कधी गप्प दिसले नव्हते. तोंड मिटलेलं असताना त्यांचा चेहरा बराच तरुण होता.

"दुपारचं बी लावूनच पडत्यात आता," मावशी कुजबुजल्या. "म्हणत्यात, मागची समदी झोप काढायची राह्यलीया. उठवू का?"

"नको," मी म्हणाले. मग विचारलं, "रागावलेत का अजून?"

"रागावलेत तर," मावशी म्हणाल्या. "यील त्येला सांगत्यात. सहा डाक्टर झाले, येकाला कळलं न्हाय, आमच्या इंदापूरच्या पोरीनं धरलं म्हणत्यात. त्या गॅसवाल्याला बी सांगितलं परवा."

त्यांनी चहा केला आणि उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसल्या. मी कॉटजवळच्या खुर्चीवर बसून यंत्राचा आवाज ऐकत होते. एक लांब श्वास, मग थोडं थांबणं, मग पुन्हा एक. तयार केलेली चार वाक्यं मी परत एकदा मनात म्हणून पाहिली. चहा संपवून मावशींना मला लागलेल्या नव्या नोकरीचं सांगावं म्हणून वळले तर त्यांचाही डोळा लागला होता. हातातला कप कलंडायच्या बेताला आला होता. तो मी हळूच काढून घेतला. किती महिन्यांची झोप त्या घरात साठली होती कोण जाणे, आणि ती आत्ता दोघांनाही एकदमच लागली होती.

मोरीत जाऊन मी दोन्ही कप विसळले आणि पालथे घातले. दार ओढून घेतलं. चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच अंगण ओलांडून रस्त्याला लागले.